लिंबूटिंबूंचा मार्च : गोल्फचा हंगाम सरताना

गोल्फ हा उघड्यावर, चार-चार तास चालत खेळायचा खेळ असल्यामुळे त्याचा हंगाम कुठे कधी संपतो हे तिथल्या हवेवर ठरते. ज्या स्कॉटलंडमध्ये हा खेळ वाढला तिथे ऑक्टोबरात दिवस आखूड होऊ लागले, की क्लब वर्षाचा हिशेब मिटवायला घेतात. महाराष्ट्रात मृगाच्या पावसाने मैदाने चिखलाची होण्याआधीचे मे महिन्यातले रविवार शेवटचे मानले जातात. जयपुरात मात्र खेळाडूंना घरी बसवते ते ऊन. या शहरात वर्षाला सरासरी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत. ऑक्टोबरात हवा निवळते, जानेवारीतल्या पहाटे कुडकुडायला लावतात आणि मे उजाडेपर्यंत पारा ४० अंशांच्या पुढे गेलेला असतो. त्यामुळे वायव्येकडच्या झोटवाड्याच्या औद्योगिक वसाहतीपासून रामबाग पॅलेसच्या परिसरातल्या रामबाग गोल्फ क्लबपर्यंत, या शहरातल्या गोल्फप्रेमींचा हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो आणि होळीच्या मागेपुढे सरतो.

या शेवटच्या आठवड्यांना क्लबांच्या दिनक्रमात वेगळे स्थान असते. वर्षातले मानाचे चषक तोवर वाटून झालेले असतात, कोण किती पाण्यात आहे हे सगळ्यांना कळून चुकलेले असते, आणि नेमाने खेळणाऱ्यांनाही त्याच त्या मोजणीचा कंटाळा आलेला असतो. मैदानालाही उसंत हवी असते. गोल्फच्या परिभाषेत ज्याला बर्म्युडा गवत म्हणतात ती आपली हरळी, म्हणजे गणपतीला वाहिली जाणारी दूर्वाच. उत्तर भारतातल्या थंडीत ती पिवळी पडून झोपी जाते, फाल्गुनात पुन्हा अंग धरू लागते, आणि नेमक्या त्याच वेळी तिच्यावर रोज शेकडो पावले पडणे माळ्यांना नको असते. अशा वेळी चुरशीची आणखी एक स्पर्धा भरवण्यापेक्षा मोजण्याची पद्धतच बदलून टाकणाऱ्या, हसतखेळत पार पडणाऱ्या स्पर्धा ठेवण्याची रीत जगभरच्या क्लबांत पडली. त्यांची नावे विचित्र असली आणि वरवर पाहता तो पोरखेळ वाटला, तरी प्रत्येक प्रकारामागे पक्का हिशेब असतो, आणि तो हिशेब समजला नाही तर गमतीचा विचका होतो.

या हिशेबाच्या बुडाशी हँडिकॅप आहे. गोल्फमध्ये चेंडू कमीत कमी फटक्यांत एकामागून एक अशा अठरा खळग्यांत, म्हणजे होलमध्ये, घालायचा असतो. प्रत्येक होल निष्णात खेळाडूने किती फटक्यांत पुरा करावा याचा जो आकडा ठरलेला असतो त्याला पार म्हणतात, आणि अठरा होलांच्या पारची बेरीज सहसा ७० ते ७२ भरते. रामबागच्या मैदानाचा पार ७० आहे. सामान्य सभासदाला तेवढ्याच फेरीसाठी नव्वद-शंभर फटके लागतात, म्हणून त्याच्या आधीच्या कामगिरीवरून त्याला काही फटक्यांची सवलत दिली जाते. ही सवलत म्हणजे हँडिकॅप. २०२० पासून अमलात आलेल्या जागतिक पद्धतीत खेळाडूच्या शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या आठ फेऱ्यांच्या सरासरीवर तो काढला जातो आणि त्याची कमाल मर्यादा ५४ आहे. मराठी अंगणात वाढलेल्या कोणालाही ही कल्पना परकी वाटू नये. लहान भावंडाला खेळात घ्यायचे, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचे नाही, यासाठी आपल्याकडे ‘लिंबूटिंबू’ नावाची सोय पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. फरक एवढाच, की आपला लिंबूटिंबू बाद होत नाही तसा जिंकतही नाही, उलट गोल्फमधल्या लिंबूटिंबूला चषक घरी नेता येतो.

जयपूरकरांना तर हँडिकॅप हा शब्द गोल्फच्याही आधी पोलोमुळे ओळखीचा झाला. महाराजा सवाई मानसिंह दुसरे यांच्या जयपूर संघाने १९३३ मध्ये इंग्लंडचा दौरा करून तिथल्या सगळ्या प्रमुख खुल्या स्पर्धा जिंकल्या, तेव्हापासून या शहराचे नाव पोलोशी जोडले गेले आहे. पोलोमध्ये खेळाडूला उणे दोनपासून दहापर्यंत गोलांचा हँडिकॅप मिळतो, चौघांची बेरीज करून दुबळ्या संघाला फरकाइतके गोल आधीच बहाल केले जातात, आणि आकडा जितका मोठा तितका खेळाडू मोठा मानला जातो. गोल्फमध्ये हेच उलटे आहे, तिथे आकडा जितका लहान तितका मान मोठा. त्यामुळे पोलोच्या मैदानावरून थेट गोल्फच्या हिरवळीवर आलेल्या नवख्याने आपला हँडिकॅप चोवीस असल्याचे अभिमानाने सांगितले, तर ऐकणाऱ्यांना हसू आवरणे कठीण जाते.

फटक्यांची सरळ बेरीज करणाऱ्या पद्धतीचा मोठा दोष असा, की एका होलवर चेंडू वाळूच्या खड्ड्यात अडकून दहा-बारा फटके गेले, की उरलेला दिवस फुकट जातो. या दुखण्यावर औषध शोधले ते खरोखरच एका डॉक्टरने. ब्रिटिश सैन्यात शल्यचिकित्सक असलेल्या डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांनी १८९८ मध्ये वेल्समधल्या ग्लॅमॉर्गनशायर क्लबमध्ये गुणांच्या पद्धतीचा पहिला प्रयोग केला, आणि पुढे १९३२ मध्ये लिव्हरपूलजवळच्या वॉलसी क्लबमध्ये, जिथे समुद्रावरचा वारा भल्याभल्यांची फेरी पहिल्या काही होलांतच उधळून लावत असे, त्या पद्धतीला आजचे रूप मिळाले. तीत सवलत वजा करून पारइतके फटके लागले तर दोन गुण, एक जास्त लागला तर एक, एक कमी लागला तर तीन, दोन कमी लागले तर चार मिळतात. आणि पारपेक्षा दोन किंवा त्याहून अधिक फटके झाले तर शून्य. शून्याच्या खाली कोणी जात नाही, म्हणून ज्याचे गणित बिघडले त्याने चेंडू खिशात टाकावा आणि पुढच्या होलकडे चालू लागावे. त्याचे नुकसान एका होलपुरते राहते आणि मागून येणाऱ्यांचा खोळंबाही टळतो. अठरा होलांत छत्तीस गुण म्हणजे खेळाडू आपल्या हँडिकॅपला जागला असे समजतात. आज ही पद्धत इतकी रुळली आहे, की तिला गमतीची म्हणणेही जुन्या सभासदांना पटत नाही. तरी कंटाळलेल्या, थकलेल्या मार्चमधल्या मैदानासाठी तिच्याइतकी माणुसकीची मोजणी दुसरी नाही.

हंगामअखेरची खरी राणी मात्र स्क्रॅम्बल. हिच्यात चार भिडूंचा एक संघ असतो. चौघेही सुरुवातीच्या जागेवरून, म्हणजे टीवरून, आपापला चेंडू मारतात, चारांतला सर्वांत चांगल्या ठिकाणी पडलेला चेंडू निवडतात, बाकीचे तिघे आपले चेंडू उचलून त्याच जागी आणतात, तिथून पुन्हा चौघेही मारतात, आणि चेंडू होलमध्ये जाईपर्यंत हाच क्रम चालतो. याचा परिणाम असा, की नवख्याचे झाडीत गेलेले दहा फटके कोणाच्या लक्षात राहत नाहीत आणि त्याने अवचित घातलेला एक लांबचा पट, म्हणजे हिरवळीवरून चेंडू घरंगळवत होलात नेणारा फटका, वर्षभर आठवला जातो. ज्याला एरवी कोणी आपल्या चौकडीत घेत नाही तो इथे ओझे न होता आधार ठरू शकतो, कारण चौथा चेंडू कितीही वाईट गेला तरी संघाचे काही बिघडत नाही आणि चांगला गेला तर फायदाच होतो.

सवलतीचे गणित इथे नाजूक असते. चौघांचे हँडिकॅप सरळ मिळवले तर संघाला अवाच्या सवा फटके मिळतील, म्हणून जागतिक पद्धतीत सर्वांत कमी हँडिकॅपवाल्याचे २५ टक्के, त्याच्या वरच्याचे २०, तिसऱ्याचे १५ आणि सर्वांत कच्च्या भिडूचे १० टक्के घेण्याची शिफारस आहे. सहा, बारा, अठरा आणि चोवीस असे चौघे एकत्र आले, तर दीड, दोन पूर्णांक चार दशांश, दोन पूर्णांक सात दशांश आणि पुन्हा दोन पूर्णांक चार दशांश मिळून बरोबर नऊ फटक्यांची सवलत होते. असा हिशेब न करता अंदाजे सूट वाटणारे क्लब पुष्कळ आहेत, आणि बक्षीस समारंभातली कुजबुज बहुतेक तिथूनच सुरू होते. या प्रकाराच्या टेक्सास स्क्रॅम्बल नावाच्या भावंडात आणखी एक अट घातली जाते, ती म्हणजे अठरा होलांत प्रत्येक भिडूचा टीवरचा फटका किमान तीन किंवा चार वेळा वापरलाच पाहिजे. चारची अट असेल तर सोळा होल बांधले जातात आणि दोनच मोकळे उरतात. म्हणून सतराव्या टीवर अजून लिंबूटिंबूचा एक फटका घ्यायचा राहिला आहे हे ध्यानात आले, की संघाच्या पोटात गोळा येतो. अटीशिवायची स्क्रॅम्बल एकट्या बलदंड खेळाडूच्या खांद्यावर बसून जिंकता येते, अटीसकट ती चौघांचीच राहते, आणि म्हणून अट घालावीच. स्क्रॅम्बलमधला गुणफलक कोणाच्याही हँडिकॅपच्या नोंदीत धरला जात नाही, हेही तिच्या मोकळेपणाचे एक कारण आहे.

दोघा-दोघांच्या प्रकारांत फोरसम सर्वांत जुना आणि सर्वांत कठोर, कारण त्यात दोन भिडू एकाच चेंडूवर आळीपाळीने फटके मारतात आणि एकाची चूक दुसऱ्याला निस्तरावी लागते. युरोप आणि अमेरिका यांच्यातल्या रायडर चषकात तो आजही खेळला जातो. हंगामअखेरीला त्याचे मवाळ रूप बरे पडते. ग्रीनसममध्ये टीवरून दोघेही मारतात, त्यांतला चांगला चेंडू ठेवतात आणि मग आळीपाळी सुरू करतात. नवरा-बायकोच्या जोड्यांसाठी क्लब हाच प्रकार निवडतात, त्यामागचे कारण सांगण्याची गरज नाही.

स्पर्धा कोणतीही असो, ती एकत्र सुरू होऊन एकत्र संपली तरच शेवटच्या दिवसाचा मेळा जमतो. एरवी दर आठ-दहा मिनिटांनी एक चौकडी पहिल्या टीवरून निघते, त्यामुळे पहिले खेळाडू जेवून घरी जातात तेव्हा शेवटचे अजून उन्हात असतात. यावर शॉटगन स्टार्ट हा उपाय निघाला. अठरा होलांच्या अठरा टीवर अठरा चौकड्या उभ्या करायच्या, ठरलेल्या क्षणी इशारा द्यायचा आणि बहात्तर खेळाडूंनी एकाच वेळी पहिला फटका मारायचा. मग चौथ्या होलपासून निघालेली चौकडी तिसऱ्यावर आपली फेरी संपवते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या वॉला वॉला कंट्री क्लबमध्ये १९५६ मध्ये हा इशारा छर्ऱ्यांच्या बंदुकीचा बार काढून दिला गेला आणि तेच नाव चिकटले. आता बंदुकीऐवजी भोंगा वाजतो. २०२३ पासून झोटवाडा विधानसभा मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करणारे राज्यवर्धन राठोड यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅप या प्रकारात रौप्यपदक मिळवले, तेही शॉटगननेच. त्यामुळे असा प्रारंभ करण्यासाठी झोटवाड्याला योग्य पाहुणा बाहेरून आणावा लागणार नाही. जयपूरच्या मार्चमध्ये या पद्धतीचा विशेष लाभ असा, की सकाळी सातला भोंगा वाजला तर ऊन चढायच्या आत, अकरा-साडेअकराला, सगळे सावलीत येतात.

हंगामअखेरच्या प्रकारांत भारतीय शहराचे नाव जगभर मिरवणारा एकच आहे, तो म्हणजे कॅलकटा. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कोलकात्यात १८२९ मध्ये स्थापन झाला आणि मुंबईतही १८४२ मध्ये गोल्फ क्लब निघाला, परंतु हे नाव गोल्फवरून नव्हे तर घोड्यांच्या शर्यतींवर त्या शहरात लागणाऱ्या पैजांवरून पडले असे मानले जाते. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी खेळाडूंचा किंवा संघांचा लिलाव पुकारला जातो. सभासद बोली लावून संघ ‘विकत’ घेतात, जमलेली सगळी रक्कम एका निधीत जाते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन-तीन संघांच्या ‘मालकां’मध्ये ठरलेल्या टक्केवारीने वाटली जाते. संघाला वाटले तर तो मालकाकडून आपलाच अर्धा हिस्सा परत विकत घेऊ शकतो. लिलावाची ही संध्याकाळ खेळापेक्षाही रंगते, कारण एरवी अदबीने बोलणारे सभासद तिथे एकमेकांच्या खेळाची जाहीर किंमत करतात.

पैसा आला की खोट येते, हे या प्रकाराच्या वाट्यालाही आले. १९५५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील डीपडेल क्लबच्या स्पर्धेत, प्रत्यक्षात तीनच्या आसपास हँडिकॅप असलेल्या दोघा पाहुण्यांनी सतरा आणि अठरा असे हँडिकॅप दाखवून बाजी मारली आणि लिलावाच्या निधीतला मोठा वाटा उचलला गेला. प्रकरण वृत्तपत्रांत गाजले आणि अमेरिकी गोल्फ संघटनेने अशा संघटित पैजांविरुद्ध उघड भूमिका घेतली. आपल्याकडे तर प्रश्न कायद्याचाही आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आणि राजस्थानात १९४९ चा सार्वजनिक जुगार अध्यादेश आहे, तेव्हा रोख रकमेचा लिलाव करणाऱ्या क्लबाने आधी वकिलाचा सल्ला घेतलेला बरा. मात्र लिलावाची गंमत पैशावाचून अडत नाही. प्रत्येक सभासदाला सारख्या शंभर कवड्या वाटाव्यात, बोली कवड्यांत लावावी आणि जिंकणाऱ्या मालकाला हरणाऱ्यांनी जेवण वाढावे, एवढ्याने हवा तो सगळा आरडाओरडा होतो. हँडिकॅप फुगवण्याचा मोहही त्यामुळे उरत नाही.

स्किन्स या प्रकाराचे कौतुक मात्र जरा जास्तच झाले आहे. त्यात प्रत्येक होलला स्वतंत्र बक्षीस असते, ते एकट्याने जिंकले तरच मिळते आणि बरोबरी झाली तर पुढच्या होलच्या बक्षिसात मिळवले जाते. १९८३ च्या नोव्हेंबरात निक्लाउस, पामर, प्लेयर आणि वॉटसन या चार दिग्गजांना घेऊन अमेरिकी दूरचित्रवाणीने हा खेळ घरोघर नेला. पडद्यावर चौघे असतात तेव्हा तो रंगतो, क्लबात बहात्तर जण असले की बहुतेक होल बरोबरीत सुटतात आणि संध्याकाळी कागदपत्रे जुळवण्यात चिटणिसाचा जीव मेटाकुटीला येतो.

त्यापेक्षा साधनांवर किंवा वाटेवर बंधन घालणारे प्रकार स्वस्त आणि मस्त. नियमाप्रमाणे पिशवीत चौदापर्यंत छड्या चालतात, आणि ही मर्यादा अमेरिकेत १९३८ मध्ये व ब्रिटनमध्ये १९३९ मध्ये आली. त्याऐवजी तीन छड्या आणि एक पटर एवढ्यावरच फेरी खेळायला लावली, तर महागड्या सामानाचा तोरा उतरतो आणि अर्ध्या ताकदीचा फटका मारायची विसरलेली कला पुन्हा उपयोगी पडते. निशाणाच्या स्पर्धेत प्रत्येकाला एक छोटे निशाण आणि पार अधिक हँडिकॅप इतके फटके मिळतात. पार ७० आणि हँडिकॅप वीस असेल तर नव्वदावा फटका जिथे थांबेल तिथे त्याने निशाण रोवायचे, आणि ज्याचे निशाण सर्वांत पुढे तो विजयी. अठरा होल संपूनही फटके उरले तर पहिल्या होलकडे पुन्हा चालू लागायचे. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सतराव्या आणि अठराव्या होलच्या वाटेवर फडफडणारी ती रांग कोण कुठे थकले हे न बोलता सांगते.

वाट बदलण्याचीही परंपरा आहे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान, जिथे १७६४ मध्ये अठरा होलांचा पायंडा पडला, पूर्वी आजच्या उलट दिशेने खेळले जाई, आणि त्याच्या सात जोड-हिरवळी दोन्ही दिशांना उपयोगी पडतात. इतर मैदानांवर एका होलच्या टीवरून भलत्याच होलच्या हिरवळीकडे खेळायचे आडवाटेचे गोल्फ ठेवता येते, फक्त ते शॉटगन स्टार्टबरोबर कधीही ठेवू नये, कारण समोरासमोर येणारे चेंडू डोकी पाहत नाहीत. राजस्थानसारख्या कोरड्या मुलखात जिथे हिरवळीला पाणी पुरत नसे, तिथे वाळूत तेल मिसळून दाबलेल्या गोल जागांवर खेळण्याची पद्धत होती. हिरव्या ‘ग्रीन’ऐवजी त्यांना ‘ब्राउन’ म्हणत. एखाद्या क्लबाने हंगामअखेरीला दोन-तीन ब्राउन मुद्दाम तयार करून जुन्या पद्धतीची फेरी ठेवली, तर पाण्याच्या टंचाईचा आणि नव्या पिढीच्या गर्वाचा असा दोन्हींचा परिहार होईल.

पाहुण्यांचा प्रश्न राहतो. झोटवाड्यासारख्या औद्योगिक भागातले कारखानदार आपल्या व्यापारी मित्रांना शेवटच्या दिवशी बोलावू लागले, तर त्यांतल्या बऱ्याच जणांकडे हँडिकॅप नसतो. त्यांच्यासाठी पिओरिया पद्धत आहे. आयोजक सहा होल गुपचूप निवडून पाकिटात बंद करतात, सहसा पार तीन, चार आणि पाचचे दोन-दोन. फेरी संपल्यावर त्या सहा होलांवरच्या फटक्यांची तिप्पट करून मैदानाचा पार वजा करतात आणि उरलेल्याचे ८० टक्के ही त्या दिवसापुरती सवलत धरतात. पार ७२ च्या मैदानावर सहा होलांत बत्तीस फटके झाले असतील तर शहाण्णवातून बहात्तर जाऊन चोवीस उरतात आणि सवलत सुमारे एकोणीस होते. कोणते होल धरले हे पाकीट फुटेपर्यंत कोणालाच ठाऊक नसल्याने यात नशिबाचा भाग मोठा असतो. पण एका दिवसाच्या पाहुण्याला न्यायापेक्षा आशा अधिक हवी असते.

या सगळ्यांत दुर्लक्षित राहिलेला आणि हंगामअखेरीला खरा शोभणारा प्रकार म्हणजे एक्लेक्टिक. हंगामभरात खेळलेल्या सगळ्या फेऱ्यांतून प्रत्येक होलवरचा सर्वांत चांगला आकडा वेचून एकच काल्पनिक फेरी जुळवायची, नोव्हेंबरातला पहिला होल, जानेवारीतला सातवा, मार्चमधला अठरावा. आणि ज्याची वेचलेली बेरीज सर्वांत कमी तो विजेता. यात वाईट दिवस आपोआप गळतात, चोवीस हँडिकॅपवाल्याच्याही तक्त्यात दोन-चार ठिकाणी निष्णातांच्या तोडीचे आकडे झळकतात, आणि शेवटच्या रविवारी एखादाच होल सुधारण्यासाठी पन्नाशीतले गृहस्थ भल्या सकाळी मैदानावर हजर होतात. त्याला लिलाव नको, भोंगा नको, खर्चही नको. क्लबच्या फलकावर अठरा रकान्यांचा एक कागद तेवढा हवा. तो कागद मात्र मार्चमध्ये लावून भागत नाही. ज्या चिटणिसांना पुढची होळी या तक्त्यासह साजरी करायची आहे, त्यांनी तो येत्या ऑक्टोबरच्या पहिल्याच फेरीला टांगावा.